नाणेघाटाच्या दाराशी

मॉरिशसहून आलेल्या माझ्या पाहुण्यांना पुणे, वाई आणि सातारा यथास्थित दाखवून झाले. त्या दिवसांविषयी सांगण्याजोगे विशेष काही नाही. ज्यांचे पणजोबा मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून उसाच्या मळ्यांवर गेले, त्या या गृहस्थांना खरी ओढ होती ती घाट पाहण्याची. कारण त्यांच्या बेटावर, पोर्ट लुईच्या धक्क्याशी, ‘आप्रवासी घाट’ आहे, आणि त्याच्या सोळा पायऱ्यांवरून लाखो भारतीय मजुरांनी त्या भूमीत प्रवेश केला, ही गोष्ट त्यांच्या घराण्यात देव्हाऱ्यातल्या टाकाप्रमाणे जपलेली. तेव्हा त्या घाटाहून सुमारे दोन सहस्र वर्षांनी ज्येष्ठ असे एक प्रवेशद्वार त्यांना दाखवावे, या हेतूने मी त्यांना नाणेघाटाच्या माथ्यावरील घाटघरला नेले.

भाद्रपद लागला होता, पण पावसाने मुक्काम हलविला नव्हता. चावंड आणि कुकडेश्वर मागे टाकून आम्ही पोहोचलो तेव्हा जीवधन किल्ल्याचा माथा आणि वानरलिंगीचा सुळका दोन्ही ढगांत बुडालेले होते; भातखाचरे तेवढी डोळ्यांस दिसत होती. मला धुके अतिशय प्रिय आहे. परंतु त्या धुक्यातून, कड्याच्या दिशेने, मोटारींमधल्या गाण्यांचा गोंगाट येत होता, आणि अशा स्थळी येऊन वाऱ्याचा आवाजही ऐकू न देणाऱ्या माणसांविषयी मला जो तिटकारा आहे, तो मी कधी लपविलेला नाही.

ज्या घरी आम्ही सामान टेकविले, तेथील वृद्ध महादेव कोळी यजमानांनी, आम्ही ओसरीवर बसतो न बसतो तोच, आपली अट सांगितली. “पाव्हणं, धुकं फुटल्याबिगर कड्याच्या अंगाला जायाचं नाय. वारा खालनं येतो, पाणी माघारी वर फेकतो, अन् समद्या कातळाला शेवाळ धरलंय. कड कुठं सरती ते आमालाबी दिसत न्हाई, तुमाला काय दिसायची?” त्यांच्या बोलण्यात विनंतीचा सूर नव्हता, तसा अरेरावीचाही नव्हता. आजींनी नाचणीची भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी पुढे ठेवली, तेव्हा पाहुण्यांनी आपल्या जपून बोललेल्या मराठीत विचारले, “आजी, पाणी उकळलेले आहे का?” हा प्रश्न त्या माउलीस लागेल, असे मला वाटले, पण त्यांनी चुलीवरील पातेल्याकडे बोट केले. “पावसाळ्यात आमी बी तसंच पितो, बाबा. हितं दुखणं आलं तर जुन्नर गाठेस्तोवर जीव टांगणीला.”

त्यावर पाहुणे जे बोलले, ते या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचे वाटले. त्यांच्या बेटावर 1867 साली हिवतापाच्या साथीने हजारो माणसे दगावली. पुढे शंभर वर्षांच्या खटपटीनंतर, 1973 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ते बेट हिवतापमुक्त ठरविले, तोच 1975 च्या चक्रीवादळामागून रोग पुन्हा शिरला, आणि त्याचे निर्मूलन होण्यास शतकाची अखेर यावी लागली. म्हणून आजही हिवताप असलेल्या देशातून कोणी तेथे उतरला की त्यास मुक्कामाचा पत्ता लिहून द्यावा लागतो, आणि आरोग्यखात्याचा माणूस दारी येऊन त्याच्या रक्ताचा थेंब तपासणीस नेतो. “मी इथून परतलो की माझ्याही घरी तो येईल,” पाहुणे म्हणाले, “आणि आम्ही त्याला चहा देतो.” यजमानांना हे फार पटले, त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक भाकरी वाढण्याची खूण केली.

परंतु त्याच बेटाच्या दप्तरात दुसरेही एक पान आहे. 1856 साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील मजुरांना कॉलऱ्याच्या भयाने गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरविण्यात आले, आणि पुरेशा निवाऱ्यावाचून त्यांतील शेकडो तेथेच मेले. पाहुण्यांनी हे अगदी हलक्या आवाजात सांगितले. आल्या माणसास अडवून ठेवावे आणि त्याच्या अन्नपाण्याची तजवीज मात्र करू नये, या अंमलास मी क्रूरच म्हणेन. एकाच बैठकीत अट आणि भाकरी दोन्ही देणारे हे घाटघरचे वृद्ध त्या अंमलदारांहून कितीतरी थोर.

दुपार कलल्यावर धुके फुटले आणि यजमान स्वतः आमच्यापुढे चालू लागले. घाटमाथ्यावर तो दगडी रांजण आहे, ज्यात कोकणातून चढणाऱ्या मालाची जकात पडे, अशी परंपरा सांगते. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा व्यापार याच वाटेने प्रतिष्ठानाकडे, म्हणजे पैठणाकडे, जाई. आणि कल्याणात शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असे, हे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक वृत्तात नमूद आहे. आल्या माणसास तेव्हाही अडविले जात होते, हे ऐकून पाहुणे रांजणाच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. खाली गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख पाहिला. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत, आणि राजकुलाच्या पुतळ्यांची आता केवळ पावले उरली आहेत. उतरत्या पायऱ्या ओल्या होत्या. जेथे यजमानांनी हात आडवा केला, तेथून आम्ही मागे वळलो.

त्या आडव्या हातावरून आठवले: 2024 च्या जूनअखेर लोणावळ्यास भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली, आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातील पर्यटनस्थळांसाठी मनाई हुकूम निघाले. असे हुकूम निघाले की आपल्या मौजेवर घाला आला, असे मानणारे पुष्कळ आहेत. माझा त्यांच्याशी पूर्ण मतभेद आहे. पावसाळ्यात घाटघरला जाणाऱ्या वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी हुकूम पाहूनच घर सोडावे, गावात पोहोचल्यावर कड्याकडे वळण्याआधी तेथल्या एखाद्या जाणत्या माणसास विचारावे, आणि त्याने नको म्हटले, तर त्याच्या घरची भाकरी खाऊन माघारी फिरावे.