घरापासून वीस किलोमीटर

माझी भाची इंग्लंडला शिकते. दिवाळीत आदिलाबादला आली, तेव्हा तिथल्या एका खेड्यातल्या जुन्या पबचे फोटो दाखवत होती. बुटकं दार, डोक्याला लागतील अशा काळ्या तुळया, मोठी शेकोटी. "गावातलं सगळ्यात जुनं घर, मामा. लोक अजून रोज संध्याकाळी तिथेच बसतात. आपल्याकडे आहे असं काही?"

दुसऱ्या दिवशी तिला जैनदला नेलं. अंतर वीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना कापूस. खरं सांगायचं तर मीही वीस वर्षांनी जात होतो.

लक्ष्मीनारायणाचं देऊळ काळ्या दगडाचं. असं देऊळ दिसलं की आपण लगेच 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. पण इथला संस्कृत शिलालेख परमार राजा जगद्देवाच्या काळातला. हेमाद्री देवगिरीच्या यादवांकडे होता तो तेराव्या शतकात, म्हणजे या लेखानंतर शंभराहून जास्त वर्षांनी! जगद्देव हा माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा. त्याचा अधिकारी लोलार्क, आणि लोलार्काची बायको पद्मावती. तिने निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ बांधलं, असं लेखात कोरलं आहे.

अशा देवळांची बांधणी भाचीला समजावली. शिळेवर शिळा खाचेत बसवायची, चुन्याचा भरवसा नाही. छताला कोपऱ्यांवर तिरक्या शिळा ठेवत चौकोन लहान करत न्यायचा आणि शेवटी वरून एका दगडाने झाकायचा. सगळं वजनावर तोललेलं.

मंडपात बसलो. एक आजी मराठीत नातवाला रागवत होत्या, शेजारी तेलुगूत गप्पा चालल्या होत्या. दसऱ्यानंतर सकाळची किरणं देवाच्या पायांवर येतात, असं दोघांनी आम्हाला दोन भाषांत सांगितलं.

भाची शिलालेखासमोर बराच वेळ उभी राहिली. "मामा, हे वाचता येतं तुला?"

नाही येत. माझ्या वडिलांनाही येत नव्हतं. 'आपण महाराष्ट्रातले की तेलंगणातले' यावर मात्र आमच्या घरात रात्र रात्र वाद झाले आहेत. माळव्याच्या राजाचा संस्कृत लेख पैनगंगेच्या अलीकडे नऊशे वर्षं उभा आहे. त्याला हा प्रश्न कधी पडला नसावा.

पुढच्या आश्विनात सकाळी लवकर जायचं ठरलंय. मुलांनो, तुम्हीही या. पण येताना पद्मावतीचं नाव लक्षात ठेवून या.