आरसा आणि त्याचे आसन

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून १८८८ च्या सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती.

परावर्तक दुर्बिणीत प्रकाश गोळा करण्याचे काम भिंग करीत नाही, खोलगट आरसा करतो. भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग फुटतात, आरशावरून परतताना फुटत नाहीत. शिवाय भिंगाला फक्त कडेने धरता येते. आरशाला पाठीमागून भरपूर टेकू देता येतो. अंधारात विस्फारलेली डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरची धरली, तर वीस इंची आरसा तिच्या पाच हजारपट प्रकाश गोळा करतो.

मात्र आरशाची मापे विचारणारे त्याच्या आसनाची चौकशी क्वचितच करतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा मोठ्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून मिनिटभरात निसटतो. म्हणून आसनाचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात आणि २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा होईल अशा गतीने तो फिरवतात. त्या अक्षाचा क्षितिजाशी होणारा कोन म्हणजे त्या गावाचा अक्षांश. नागपूरला तो सुमारे २१ अंश, पुण्याला साडेअठरा, कोडाईकनालला सव्वादहा.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिचा अक्ष आठ अंशांनी खाली आणणे ओघानेच आले. यंत्रासाठी पैसा उभा राहिला होता. यंत्रामागे उभा राहणारा दुसरा माणूस पुण्यात तयार झाला नव्हता. व्यापारी घराण्यांच्या दानशूरतेविषयी शंका नाही, पण देणगीच्या अर्जात देखभालीचा रकाना बहुधा कोराच असतो.

आता संगणकामुळे तिरका अक्ष अपरिहार्य राहिलेला नाही. जुन्नरजवळ गिरावली येथील आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आडव्या आणि उभ्या अशा दोन दिशांनी वळत ताऱ्याचा माग ठेवते. डॉब्सन पद्धतीचे साधे आसनही त्याच दोन दिशांनी, पण हाताने फिरते. नागपुरातील एखाद्या शाळेला दुर्बीण भेट द्यायची असेल, तर डळमळत्या तिवईवरील बारा इंची आरशापेक्षा अशा भक्कम आसनावरील सहा इंची आरसा घ्यावा आणि उरलेली रक्कम शाळेच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी. आरशावरचा मुलामा काही वर्षांनी निस्तेज होतो. तो पुन्हा चढवण्याचा खर्च त्या व्याजातून निघेल.