उरल्याच्या चौकातून शाळेत

रायपूरच्या उत्तरेला, बिरगावच्या अंगाने गेलं की उरला औद्योगिक क्षेत्र लागतं. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, तार ओढणारे कारखाने. बिलासपूर रस्त्याने आणखी पुढे गेलं की सिलतरा. कोरब्याकडचा कोळसा इथे येतो, लोहखनिज येतं आणि सळ्या-तारा होऊन देशभर जातं. ही सगळी ये-जा ट्रकांची. आमची वस्ती नेमकी त्यांच्या वाटेवर आहे. रस्त्याच्या एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला प्राथमिक शाळा आणि अंगणवाडी. आमची गल्ली जिथे त्या रस्त्याला मिळते आणि पलीकडे शाळेची वाट फुटते, तो चौक माझ्या मुलीला रोज ओलांडावा लागतो.

मी गोंदियाची. लग्न होऊन रायपूरला आले. सासरचे जुने नातेवाईक तात्यापाऱ्यात राहतात, तिथे मराठी बोलणं कानावर पडतं. उरल्यात मराठी घरं मोजकीच. शेजार छत्तीसगडी, ओडिया, बिहारी. नवरा रोलिंग मिलमध्ये, पाळीची नोकरी; त्यामुळे मुलीला शाळेत पोचवणं माझ्याकडेच आलं. पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या भाजीवालीने माझा दंड धरून मला मागे ओढलं होतं. "रुक जा बहिनी, हाइवा आवत हे." तिला तो डंपर दिसला होता, मला दिसला नव्हता. कारण माझ्या आणि त्याच्यामध्ये तीन ट्रक उभे होते.

हे उभे ट्रक आमच्या चौकाचं पहिलं दुखणं. जवळच धर्मकाटा आहे. वजनासाठी रांग लागते आणि ती कोपऱ्यापर्यंत येते. रस्ता ओलांडणाऱ्याला पलीकडचं पाहायचं तर उभ्या ट्रकाच्या तोंडापुढे जाऊन डोकं बाहेर काढावं लागतं. मोठा माणूस डोकं काढतो. सात वर्षांच्या मुलाला आधी अख्खं अंग रस्त्यावर न्यावं लागतं, तेव्हा कुठे त्याला येणारी गाडी दिसते.

दुसरं दुखणं वळणाचं. ते मला एका ट्रेलरच्या ड्रायव्हरने समजावलं. काट्याच्या रांगेत तो उभा होता आणि मी त्याच्यावर जरा चिडूनच बोलले. तो शांतपणे म्हणाला, "बहनजी, एक बार ऊपर चढ़ के देखिए." मी चढले. त्याच्या जागेवरून समोरचा रस्ता लांबपर्यंत दिसत होता. पण माझी मुलगी डाव्या दाराच्या खाली, माझ्यासोबत आलेल्या शेजारणीचा हात धरून उभी होती, ती मला दिसेना. आरशातही नाही. ती हात हलवत होती म्हणे. मग त्याने सांगितलं की लांब गाडी डावीकडे वळवायची तर आधी उजवीकडे घ्यावी लागते. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, कोपरा आत कापत येतात. कोपऱ्यावर उभ्या माणसाला मात्र गाडी उजवीकडे सरकताना दिसते आणि वाटतं, वाट मोकळी झाली. तो पुढे होतो, नेमका त्याच जागी जिथे मागची चाकं येणार असतात. आमच्या कोपऱ्यावर पदपथ नाही, कठड्याचा दगड नाही, फक्त मुरूम. त्या मुरमात चाकांनी पाडलेला खोलगट पट्टा होता. लोक रोज त्यावरच उभे राहत.

त्या दिवसापासून मी "ड्रायव्हर आंधळे असतात" हे बोलणं सोडलं. दारू पिऊन चालवणारे आहेत, भरधाव जाणारे आहेत, त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण शुद्धीवर असलेला, सावकाश चालवणारा ड्रायव्हरसुद्धा ज्या चौकात मूल चिरडू शकतो, त्या चौकाची आखणीच चुकलेली आहे.

आणि तिसरं, काजळी. उरल्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सकाळी पुसलेला ओटा संध्याकाळी काळा, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर बारीक काळे कण. रस्त्यावर 'शाळा पुढे आहे' असा फलक होता. रात्री दिव्याच्या उजेडात चमकावा म्हणून त्यावर प्रकाश परतवणारी खास फिल्म असते. आमच्या फलकावर काजळीचा असा थर बसला होता की दिवसाही चित्रातली मुलं दिसत नव्हती. आम्ही बायकांनी एका रविवारी शिडी लावून, सोड्याच्या पाण्याने तो धुतला. फडकं पिळलं की डांबरासारखं पाणी. फलक लख्ख निघाला, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा काळवंडला. झेब्रा पट्ट्यांचं तेच. रंग उडण्याआधी धुळीखाली जातो.

त्याच हिवाळ्यात रात्रपाळीला निघालेला एक ओडिया मजूर सायकलवरून जाताना या चौकात अपघातात गेला. धडकलेली गाडी थांबली नाही. सकाळी चक्काजाम झाला, ट्रकांची रांग दूरवर गेली, अधिकारी आले, आश्वासनं मिळाली, दुपारी रस्ता मोकळा झाला. त्याची बायको तान्ह्या बाळाला घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसून होती. आमच्या मितानिन दीदी (छत्तीसगडमध्ये गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांना मितानिन म्हणतात) तिच्याजवळ होत्या. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते, हेही नाही. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राची योजना आहे: पळून गेलेल्या वाहनाने मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख रुपये, गंभीर जखमीला पन्नास हजार. अर्ज उपविभागातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, बँक पासबुक असं सगळं गोळा करून आम्ही तिचा अर्ज भरला. हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण ज्यांना या पैशांची सर्वांत जास्त गरज असते त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचतच नाही.

त्यानंतर गल्लीतल्या तरुण पोरांनी रातोरात सिमेंट-गिट्टीचा गतिरोधक बांधला. त्यांचा संताप मला समजत होता, तरी मी विरोध केला. भारतीय रस्ते परिषदेचं गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे: साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे लांबट आणि गोल पाठीचा. पोरांनी बांधलेला अरुंद आणि टोकदार होता, वर रंग नाही, आधी सूचनेचा फलक नाही. दोनच दिवसांत एक मोटारसायकलवाला बायकोसकट त्यावर आपटला. पोरांनी स्वतःच तो फोडला.

मग आम्ही वही घेऊन चौकाची नोंद लिहायला बसलो. मी, मितानिन दीदी, भाजीवाली आणि शाळेच्या एक मॅडम. कोणत्या वेळी किती ट्रक उभे असतात, पाळी सुटते तेव्हा सायकली कुठून वळतात, मुलं कोणत्या जागी थबकतात, आणि सर्वांत महत्त्वाचं, कोण थोडक्यात वाचलं. भाजीवालीला लिहिता येत नाही, पण दिवसभर चौकात तीच असते. ती सांगायची, आम्ही लिहायचो. शाळेच्या मोठ्या कागदावर चौकाचा नकाशा काढला, थोडक्यात वाचलेल्यांच्या जागी लाल टिकल्या लावल्या. बहुतेक टिकल्या दोनच जागी पडल्या: धर्मकाट्याच्या रांगेचं शेपूट आणि डाव्या वळणाचा मुरूम. तो कागद घेऊन आम्ही कलेक्टरच्या जनदर्शनात (लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याच्या बैठकीत) गेलो.

तिथे आणि नंतर दुसऱ्या कचेऱ्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "इथे मृत्यू किती?" या प्रश्नामागे नियम आहे. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मिळून मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते आणि दुरुस्तीच्या यादीत येते. मोठ्या महामार्गांवर कुठून सुरुवात करायची हे ठरवायला असा निकष लागत असेल. पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका रात्रीत ४८ वाहनं एकमेकांवर आदळली, तेव्हा त्या उताराचं नाव महाराष्ट्रभर झालं. पण आमचा रस्ता महामार्गही नाही, आणि आमच्याकडे दहा मृत्यू नाहीत. ते होण्याची वाट आम्ही का पाहावी? वाचलेल्या मुलाची नोंद सरकारी कागदावर कुठेच होत नाही. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची नोंद आहे, कारण तिच्यासाठी कोणाला मरावं लागलेलं नसतं.

आई-बापांनी रस्त्याचा हिशेब मागणं नवं नाही. १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये मुलांचे मृत्यू थांबवा म्हणत पालक रस्त्यावर उतरले, आणि त्या देशाचे रस्ते पुढे बदलले. आपल्या कायद्यातही २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं आहे. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे. पण रस्ताही दोषी असू शकतो, हे कायद्याने मान्य केलं आहे आणि आमच्या दुसऱ्या अर्जात आम्ही ते कलम लिहिलं.

पाहणी झाली. वाहतूक पोलीस आले, अभियंता आले, लाल टिकल्यांचा कागद त्यांनी रस्त्यावर पसरून पाहिला. चौकात मोठा दिवा लागला. कोपऱ्याजवळ ट्रक उभे करायला मनाई झाली. पहिले काही आठवडे ती पाळली गेली, आता शिपाई असेल तेव्हाच पाळली जाते. मापातला गतिरोधक शाळेच्या बाजूला झाला, दुसऱ्या बाजूला नाही. मुरमाच्या जागी कठडा आणि पदपथ अजून झालेला नाही, आणि माझ्या लेखी तीच सर्वांत महत्त्वाची मागणी होती. दिवा लागल्याने माणूस दिसतो. कठडा असला तर मागचं चाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

११ मे २०२५ च्या रात्री रायपूर-बलौदाबाजार रस्त्यावर सारागावजवळ बाळाच्या छठीच्या कार्यक्रमाहून परतणाऱ्या लोकांच्या गाडीला अपघात झाला आणि १३ जण गेले, त्यात बायका आणि मुलंच. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाला फारसं बोलवत नव्हतं. संध्याकाळी भाजीवालीने नवी वही आणून माझ्यासमोर ठेवली, जुनी भरली होती.

छत्तीसगडमध्ये शाळा १६ जूनला उघडतात. त्याआधी कठड्याचं काम व्हावं, एवढंच आमच्या ताज्या अर्जात लिहिलं आहे. वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे: तुमच्या घराजवळही असा चौक असेल, तर तिथे थोडक्यात वाचलेल्यांची नोंद आजपासून ठेवा. तारीख, वेळ, जागा आणि गाडी कोणत्या बाजूने आली एवढं पुरे. ती नोंद घेऊन कचेरीत जा, आणि एकटे जाऊ नका.