खगोलछायाचित्रणातील डीएसएलआर: दोषनिदान आणि निगा

डीएसएलआर म्हणजे आतल्या आरशाच्या साहाय्याने भिंगातून येणारी प्रतिमा व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा आणि चित्र टिपताना तो आरसा वर उचलणारा डिजिटल कॅमेरा. अशा कॅमेऱ्याने घेतलेल्या आकाशचित्रांत दिसणारे बहुतेक दोष हे यंत्राचे बिघाड नसून दव, उष्णता व धूळ यांचे परिणाम असतात, असा प्रस्तुत लेखकाचा वांगणी परिसरातील हिवाळी रात्रींचा अनुभव आहे. त्यामुळे कॅमेरा दुरुस्तीला देण्यापूर्वी दोषाचे मूळ भिंगावर आहे की सेन्सरवर, हे ठरवणे अगत्याचे असते.

दिवाळीनंतर आकाश निवळते, पण दवही त्याच सुमारास पडू लागते. निरभ्र रात्री भिंगाची पुढची काच आपली उष्णता आकाशाकडे सतत उत्सर्जित करत असल्याने ती भोवतालच्या हवेहूनही थंड होते आणि तिचे तापमान दवबिंदूखाली, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली, गेले की तिच्यावर दव धरते. मृगातील तेजोमेघाची चित्रे ओळीने घेतली जात असताना तारे फुगू लागले की पहिला संशय फोकसवर जातो, आणि तो अगदीच निराधार नसतो, कारण तापमान उतरताना फोकसही सरकतो. मात्र फोकस सरकल्यास ताऱ्याची कडा असलेली चकती होते, तर दवामुळे तेजस्वी ताऱ्याभोवती धूसर वलय पसरते आणि फिके तारे दिसेनासे होतात. शिवाय टॉर्च भिंगावर तिरका धरताच दवाचा पांढुरका थर लगेच उघड होतो. तो कापडाने पुसला तर थोड्याच वेळात पुन्हा धरतो आणि काचेवरील धूळ घासली जाऊन लेपावर ओरखडे पडतात, म्हणून भिंगाभोवती पॉवर बँकेवर चालणारी तापपट्टी आरंभापासूनच गुंडाळलेली बरी.

चित्रात लाल, निळे वा हिरवे ठिपके प्रत्येक वेळी त्याच जागी दिसत असतील, तर ते तप्त पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे विद्युतभार साठवणारे सेन्सरचे घटक होत. त्यांची खूण पटवण्यासाठी भिंगाला झाकण लावून, तेवढाच उघडीपकाळ, तोच आयएसओ आणि शक्यतो तेच तापमान राखून ‘डार्क फ्रेम’ घेतात व ती मूळ चित्रातून वजा करतात. कॅमेऱ्यातील दीर्घ उघडीपीची नॉइज रिडक्शनची सोय हेच काम स्वतः करते. त्यामुळे २ मिनिटांच्या चित्रानंतर कॅमेरा आणखी २ मिनिटे गुंतून राहतो आणि नवख्याला तो बंद पडल्यासारखा वाटतो.

धुळीचा डाग काळसर व गोल असतो आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ इतके लहान केल्यावर ठळक होतो. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडत असल्याने चित्रात वर डावीकडे दिसणारा डाग, कॅमेऱ्याकडे समोरून पाहिले असता, सेन्सरवर खाली डावीकडे सापडतो. सफाईसाठी पूर्ण भारलेली बॅटरी घालावी, कारण वर उचललेला आरसा तिच्याच जोरावर टिकून असतो. मग कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारावी, तोंडाने फुंकर घालू नये.

खरी हानी मात्र आकाश न दिसणाऱ्या पावसाळ्यात होते. कपाटात चामडी पिशवीत ठेवलेल्या भिंगावर दमट हवेत बुरशी धरते आणि तिची आम्ले काचेवरील लेप खातात, जो नंतर पूर्ववत होत नाही. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणे, हा यावरचा स्वस्त उपाय होय. पाऊस सरल्यावर, आश्विनातील अमावस्येला बाहेर पडण्यापूर्वी, घरातच झाकण लावून एक आणि पांढऱ्या भिंतीसमोर एफ/१६ वर एक अशी दोन चित्रे घेतली, तर पहिल्यातून सेन्सरची आणि दुसऱ्यातून धुळीची स्थिती कळते व निरीक्षणाची रात्र दोष शोधण्यात खर्ची पडत नाही.