दोन मिलिमीटरचा फरक

पोस्ट लांब झालीय. ज्यांना आपल्या शकुंतलेबद्दल काही वाटतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

मागच्या मे महिन्यात मी, बायको आणि माझा परतवाड्याच्या शाळेतला एक मित्र (तो आता जर्मनीत असतो), अशा तिघांनी इटलीतल्या त्रिएस्तेपासून क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत सायकल चालवली. मध्ये स्लोव्हेनिया. तीन देश, १२३ किलोमीटर, चार दिवस. लगेच कौतुक करू नका. माझं वय ५४, गुडघा कुरकुरतो, आणि वाटेत सत्तरीच्या आज्या घंटी वाजवून आम्हाला मागे टाकत होत्या.

या वाटेचं नाव पारेंझाना. मुळात ही एक बंद पडलेली रेल्वे. १९०२ साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात सुरू झाली. मीठ, वाइन, ऑलिव्हचं तेल आणि गावोगावची माणसं वाहायची. मग मोटारी आल्या, तोटा वाढला आणि १९३५ मध्ये बंद झाली. रूळसुद्धा उखडून नेले. राहिली ती मातीची पट्टी, बोगदे आणि पूल. त्याच पट्टीवर आज सायकली चालतात.

पहिल्या दिवशी त्रिएस्तेच्या कारखान्यांमधून बाहेर पडलो आणि सीमा ओलांडून कोपरला आलो. कोपर ते इझोला हा अगदी समुद्राला चिकटलेला रस्ता पूर्वी गाड्यांनी भरलेला असायचा म्हणे. डोंगरातून मोठा बोगदा झाल्यावर त्यांनी हा जुना रस्ता गाड्यांना बंदच केला. आता तिथे पोरं स्केटिंग करतात, म्हातारे बाकांवर बसतात. नवीन रस्ता झाला की जुन्यावर दुकानांचे गाळे काढायचे, एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

दुसऱ्या दिवशी पोर्तोरोझच्या अलीकडे साडेपाचशे मीटरचा जुना बोगदा लागला. आत गारवा, दिवे, आणि सायकलींच्या घंट्यांचा घुमणारा आवाज. पुढे सेचोव्लियेची मिठागरं. अजूनही माणसं तिथे लाकडी दांड्याने मीठ ओढतात. त्यानंतर क्रोएशियाची सीमा. २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे, म्हणजे खरं तर कुणी अडवायला नको. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये तात्पुरती तपासणी परत सुरू झाली होती. आमच्या पुढचे दहा-बारा सायकलवाले सरळ गेले. आम्हाला तिघांना थांबवलं, पासपोर्ट पाहिले. पोलीस सौजन्याने बोलले, पाच मिनिटांत सोडलंही. पण आम्हीच का, हा प्रश्न बायकोने पुढच्या चढापर्यंत सोडला नाही.

क्रोएशियात वाट समुद्र सोडून डोंगरात शिरते. खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. पण चढ रेल्वेचा, म्हणजे शंभर मीटरला तीन मीटरच्याही आत. त्यामुळे माझ्यासारखा माणूसही ग्रोझन्यानपर्यंत न उतरता पोचला. लिवादे गावात या रेल्वेचं छोटंसं संग्रहालय आहे. तिथे कळलं की या रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर होतं. मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "अबे, हे तं आपली शकुंतलाच आहे बे!"

शकुंतलेचं अंतर ७६२. फरक फक्त दोन मिलिमीटरचा.

आईचं माहेर अंजनगावचं. लहानपणी अचलपूरहून त्या गाडीत बसलो की आजोळी पोचेपर्यंत शेंगा संपायच्या, पण गाव यायचं नाही. लोक चालत्या गाडीतून उतरून परत चढायचे. पारेंझानाबद्दलही तिथे हेच सांगतात, की प्रवासी खाली उतरून द्राक्षं तोडायचे आणि धावत गाडी पकडायचे. मी हसलो. पण त्या रात्री झोप आली नाही.

कारण विचार करा. ती पट्टी शंभर वर्षांत ऑस्ट्रियाची होती, मग इटलीची, मग युगोस्लाव्हियाची, आणि १९९१ नंतर तीन देशांत विभागलेली. त्या भागात युद्धं झाली, हजारो माणसांना घरं सोडावी लागली. तरीही तिन्ही देशांना एकत्र बसून ती जमीन लोकांसाठी मोकळी करता आली. आपली मूर्तिजापूर-अचलपूर लाईन फक्त दोन जिल्ह्यांतून जाते. गाडी काही वर्षांपासून बंद आहे. आल्यावर मुद्दाम जाऊन पाहिलं. रुळांच्या मधोमध बाभळी, एका ठिकाणी चक्क गुरांचा गोठा.

गैरसमज नको. शकुंतलेच्या जागी सायकल ट्रॅक करा असं मी म्हणत नाही. पारेंझानावर फिरणाऱ्यांकडे घरी जायला दुसऱ्या गाड्या आहेत. आपल्याकडे शाळेत आणि दवाखान्यात जाणाऱ्याला एसटीची वाट बघत उभं राहावं लागतं. आपल्याला गाडीच हवी, ब्रॉडगेज झाली तर उत्तमच. पण ती मिळेपर्यंत ही जमीन तरी शिल्लक राहायला हवी ना? पारेंझानाचे रूळ गेले, पण पट्टी राहिली, म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांनी तिचं काहीतरी करता आलं. पट्टीच गेली तर गाडीही नाही आणि वाटही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. या लाईनची सरकारी मोजणी व्हावी, हद्दीच्या खुणा ठोकाव्यात, आणि नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी आलं, की ब्रॉडगेज कधी हे विचाराच, पण त्याआधी मोजणी कधी हे विचारा.

अंजनगाव, दर्यापूर, पथ्रोटकडच्या मित्रांनी आपल्या गावाजवळ लाईनची आज काय अवस्था आहे ते खाली फोटोसकट टाकावं. सुरुवात मी करतो. गोठ्याचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये आहे.