गाद्याला पुणे नाही

मुलीने नॉर्वेत संसार थाटला म्हणजे आईबापांनी देवमासे पाहिलेच पाहिजेत, असा काही शास्त्रात नियम नाही. पण आमच्या लेकीने तो केला, आणि २०२४ च्या जूनमध्ये आम्हा उभयतांना नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावरून उचलून थेट आंदेनेस नावाच्या गावी नेऊन ठेवले. हे गाव नॉर्वेच्या उत्तर भागात, ६९ अक्षांशावर. रात्रीचे अकरा वाजले तरी सूर्य आपला खिडकीत उभा! आमच्या सौ.ला दिवेलागणीची वेळच सापडेना. शेवटी घड्याळात सात वाजले की ती हात जोडी आणि म्हणे, "घरी दिवे लागून साडेतीन तास झाले, चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर चढण्यापूर्वी प्रत्येकाला जाडजूड, पायघोळ, थंडीचे कपडे देण्यात आले. सौ.ने ते साडीवरच चढवले. त्या वेषात ती चंद्रावर निघाल्यासारखी दिसत होती; पण हातातली आलेपाकाची पुडी तिने सोडली नव्हती. तासाभरात त्या पुडीला बोटीवर फार भाव आला. माझ्या शेजारचे एक धिप्पाड जर्मन गृहस्थ तिच्यापुढे लहान मुलासारखा हात पसरून उभे होते!

एरवी खोल समुद्र गाठायला किनाऱ्यापासून फार दूर जावे लागते. आंदेनेसला मात्र समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे आणि ती किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. खोल बुडी मारणारा स्पर्म व्हेल म्हणूनच तिथे सापडतो. कप्तानाने इंजिन बंद करून पाण्यात ध्वनियंत्र सोडले. कर्ण्यातून खट् खट् असा आवाज येऊ लागला. कुणीतरी पाताळाचे दार ठोठावत असावे तसा. मग तो थांबला. सगळे श्वास रोखून उभे.

आणि डाव्या अंगाला झुकलेला एक फवारा उडाला. पाण्यावर एक करडा, सुरकुतलेला ओंडका तरंगत होता, आणि तो श्वास घेत होता! आठ-दहा मिनिटे तो तसाच पडून राहिला. मग पाठ कमानीसारखी वाकली, शेपूट सावकाश वर आले, क्षणभर आभाळात थांबले आणि पाण्याचा थेंबही न उडवता नाहीसे झाले. आता अर्धा-पाऊण तास तो वर येणार नाही, असे वाटाड्याने सांगितले. सौ.ने हात जोडले होते. खरे सांगायचे तर माझेही जोडले गेले होते.

परतताना वाटाड्या म्हणाला, की इथे दिसतात ते सगळे नर. माद्या आणि पिल्ले उष्ण समुद्रात राहतात. मोठे झालेले नर तेवढे पोटासाठी या थंड पाण्यात येतात आणि मग कधीतरी परत जातात. लेकीने हे मराठीत सांगितले मात्र, सौ. लगेच उद्गारली, "म्हणजे चाकरमानीच की! बायकामुलं मुलखात, आणि हे इकडे!"

आम्ही सगळे हसलो. पण त्या रात्री, त्या न मावळणाऱ्या उन्हात, लेकीने मनातला विषय काढलाच. "बाबा, तुमचे गुडघे दुखतात. इमारतीला लिफ्ट नाही. नेरूळचा फ्लॅट विका आणि पुण्याला दादाजवळ राहायला जा. आता तिथं तुमचं आहे तरी काय?"

मी काही बोलणार तोच नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या समुद्रात काय आहे?"

"फ्लेमिंगो," मी ऐटीत म्हणालो.

"ते तर पक्षी! समुद्रात काय आहे?"

वाचकहो, १९८३ साली मी गिरगावची चाळ सोडून नव्या मुंबईत आलो. सिडकोचे घर घेतले, चाळीस वर्षे खाडीचा वारा खाल्ला, खाडीचे मासेही खाल्ले. पण त्या पोरीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

घरी आल्यावर मी वाचनालय पालथे घातले आणि जे वाचले त्याने झोपच उडाली. उत्तरेतले बहुतेक मोठे देवमासे हिवाळ्यात उष्ण समुद्रात आणि उन्हाळ्यात थंड समुद्रात, अशी वर्षाची वारी करतात. पण आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे कुठेच जात नाहीत! त्यांना जाण्याचे कारणच पडत नाही. आपल्याला छत्री उघडायला लावणारा तो नैऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्यावरचे पाणी असे काही घुसळून काढतो, की तळाचे थंड, सकस पाणी वर येते. ताट घरीच वाढलेले असते. ओमानजवळ यांची संख्या शंभराच्या आत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या एका मादीच्या शेपटावर लोबानाच्या झाडासारखी नक्षी आहे, म्हणून तिचे नाव ठेवले लुबान. २०१७ च्या नोव्हेंबरात तिच्या पाठीवर उपग्रहाला खुणा धाडणारे यंत्र बसवले. ही बाई समुद्र ओलांडून डिसेंबरात गोव्यासमोर हजर! तिथून केरळकडे उतरली आणि पुन्हा ओमानला माघारी गेली. म्हणजे गेली ती शेजारच्या आळीला, समुद्र तोच.

एवढे थोडे का उरले, तेही वाचनात आले. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक चोरून मारले. कित्येक वर्षे जगाला पत्ताच नव्हता. सोव्हिएत राज्य गेल्यावर कागद बाहेर आले. मेलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या वाढीवरूनच कळले, की हे दक्षिणेचे पाहुणे नव्हेत, इथलेच रहिवासी आहेत. १९६६ ची दिवाळी नोव्हेंबरातच होती. आम्ही पोरे तेव्हा गिरगावात फुलबाज्या उडवीत असू, आणि वडील आरामखुर्चीत बसून दिवाळी अंक वाचीत असतील.

इतका मोठा देवमासा मी नातीला कुठून दाखवणार? पण आमच्या उरण शाखेत माझा एक जुना खातेदार होता, करंज्याचा नाखवा. त्याला फोन केला. आंदेनेसची हकिकत ऐकून तो खो खो हसला. "सायेब, एवऱ्या लांब कशाला गेलाव? आमचे दारान येतान की डॉल्फिन!"

त्या दिवाळीत लेक आणि नात आल्या होत्या. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघे निघालो. नेरूळहून उरणला आता लोकल जाते. २०२४ च्या जानेवारीत ती सुरू झाली. उरणहून रिक्षाने करंजा. आलेपाकाची पुडी अर्थातच बरोबर होती. इथे जाड कपडे कुणी दिले नाहीत. नाखव्याने प्रत्येकाच्या गळ्यात एकेक केशरी जाकीट अडकवले आणि होडी सोडली.

धरमतरच्या खाडीचे तोंड मागे पडले. डावीकडे रेवस, मांडवा. समोर खांदेरीच्या बाजूला धुके. उजवीकडे दूरवर नांगरलेली मालवाहू जहाजे. तास झाला, दीड तास झाला. नातीने दोनदा "ते बघा!" म्हटले, एकदा लाकडाचा ओंडका निघाला आणि एकदा प्लॅस्टिकची पिशवी. लेक काही बोलत नव्हती. मी मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घामाघूम झालो होतो.

एकाएकी नाखव्याने इंजिन बंद केले आणि ओठांवर बोट ठेवले. "फूऽऽ" असा आवाज आला. तवा टाकीखाली धरावा, तसा. होडीपासून पन्नास हातांवर शिसवी-करड्या रंगाची एक पाठ वर आली. मधोमध कुबड आणि कुबडावर छोटासा पंख. मागोमाग दुसरी पाठ, आणि तिला बिलगून तिसरी, अगदी एवढीशी.

"पिल्लू!" नात कुजबुजली.

दक्षिण कोकणात याला गादा म्हणतात. शास्त्रज्ञांनी नाव दिले तेही शिशाच्या रंगावरूनच. उथळ पाणी, खाड्यांची तोंडे, किनारा एवढेच याचे जग. खोल समुद्रात तो जात नाही. कायद्याने याला वाघाइतकेच संरक्षण आहे, तरी जगभरच्या संकटग्रस्तांच्या यादीत याचे नाव आहे. कारण जिथे हा राहतो तिथेच आपली बंदरे, आपले सांडपाणी आणि आपली जाळी. "कंदी जाल्यान अडकतो," नाखवा हळूच म्हणाला. "जिता असला तं सोरतो. मेलेला गावला तं दोन दिस जेवन जात नाय."

दहा मिनिटे ती तिघे आमच्या आसपास होती. शेपूट आभाळात गेले नाही, उड्या झाल्या नाहीत, नुसते श्वास. मग लांब एका जहाजाचा भोंगा वाजला आणि पाणी पुन्हा सपाट झाले.

परतीच्या लोकलमध्ये लेक खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हटले, "फ्लेमिंगो येतात आणि जातात. त्यांची चित्रं आपल्या शहरानं भिंतीभिंतीवर काढली आहेत. हे बिचारे बारा महिने इथंच, आणि यांना कुणी ओळखत नाही. तुझा आंदेनेसचा चाकरमानी थंडीला कंटाळला तर परत जाईल. मला गुडघे दुखले तर पुणं आहे. गाद्याला पुणं नाही."

ती बराच वेळ गप्प होती. मग आईकडे वळून म्हणाली, "आलेपाक उरलाय का गं?"

फ्लॅटच्या कागदांची पिशवी अजून कपाटातच आहे. गुडघ्यांचा काही नेम नाही. एखादे दिवशी आम्ही जाऊही पुण्याला. पण जाताना "इथं आमचं आहे काय?" असे म्हणून जाणार नाही. नॉर्वेतल्या एका शाळेत, आमच्या नातीच्या वहीत, तीन करड्या पाठी आहेत. खाली तिने वेड्यावाकड्या मराठीत लिहिले आहे : "आजोबांचे शेजारी."