पडद्याकडे बघायचे नाही!

टीव्हीकडे बघू नका, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, असे एखाद्या व्हिडिओ गेमनेच सांगावे, हे जरा नवलच! जपानच्या निन्टेंडो कंपनीने ३ मार्च २०१७ रोजी ‘स्विच’ हे नवे यंत्र बाजारात आणले आणि त्याच दिवशी ‘वन-टू-स्विच’ हा खेळांचा संचही. छोटे छोटे २८ खेळ. बहुतेकांत दोघांनी तळहाताएवढा कंट्रोलर हातात घेऊन समोरासमोर उभे राहायचे. खूण बहुधा कानांनी ऐकायची, नजर मात्र माणसावर.

एका खेळात ‘फायर’ ऐकताच पिस्तूल रोखल्यासारखा हात उचलायचा. दुसऱ्यात चक्क गायीचे दूध काढायचे! बोटे दाबत हात खाली ओढायचा, तोही प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत बघत. हसू दाबून हे करणे भल्याभल्यांना जमत नाही. गोठ्यात वाढलेल्या आजीला मात्र हा खेळ शिकवावा लागणार नाही. आणखी एकात सबंध यंत्रच तान्हे बाळ होते. जोजवून झोपवायचे आणि अलगद खाली ठेवायचे. सगळ्यांत सुरेख खेळ गोट्यांचा. कंट्रोलर हळूच कलता केला की आत गोट्या घरंगळल्यासारख्या वाटतात, त्या किती ते ओळखायचे. आत गोटी एकही नसते, सारी करामत बारीक कंपनांची.

एवढे असूनही बहुतेक समीक्षकांनी नाके मुरडली. एकेक खेळ जेमतेम मिनिटाचा, एका संध्याकाळीत सारे पाहून संपतात, आणि अमेरिकेत किंमत ५० डॉलर. यंत्रासाठी ३०० डॉलर मोजणाऱ्याने त्याची करामत बघायला पुन्हा पैसे का द्यावेत? याच कंपनीने २००६ साली ‘वी’ या यंत्राबरोबर ‘वी स्पोर्ट्स’ बहुतेक देशांत फुकट दिला होता. तक्रार रास्तच होती.

पण केवळ किंमत आणि मिनिटे मोजून या खेळाचे दुखणे कळत नाही. गुलामचोराचा एक डावही काही तासभर चालत नाही. तरी उन्हाळ्याच्या सुटीत तेच पत्ते दुपारभर पिसले जातात. कारण त्यात भर घालतात ती माणसे. गुलाम हातात आला की काकांचा चेहरा कसा निर्विकार होतो आणि धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू कसे फुटते, हे घराला ठाऊक असते. ‘वन-टू-स्विच’ माणसांना एकमेकांकडे बघायला लावतो खरा, पण बघून जे दिसते त्याचा खेळात फारसा उपयोग होऊ देत नाही. दूध काढण्याची रीत दुसऱ्या दिवशीही तीच, बाळाचे रडणे तेच. खेळणाऱ्याने स्वतःचे काही घालावे, अशी जागा अगदी थोडी.

गंमत म्हणजे निन्टेंडोचा धंदा १८८९ साली क्योटोत सुरू झाला तो पत्त्यांचाच. ‘हानाफुदा’ नावाचे फुलापानांच्या चित्रांचे जपानी पत्ते ही कंपनी करीत असे. माणसांना समोरासमोर बसवण्याची विद्या तिला परकी नव्हती.

खेळ विकला मात्र गेला. तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. ३० जून २०२३ रोजी पुढचा भागही आला. किंमत ३० डॉलर, सूत्रसंचालक घोड्याचे तोंड असलेला माणूस आणि एकाच वेळी शंभर जणांना खेळायची सोय. टीका आधीपेक्षाही कडक झाली. या खेपेला कंट्रोलर म्हणून ज्याचा त्याचा मोबाइल चालतो. एका खेळात तर सांगितलेला रंग घरात शोधून मोबाइलने त्याचा फोटो काढायचा असतो. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायला तिथे सवडच नाही.